आपल्या जिल्ह्याचा सप्टेंबर कुणी टिपला?

फोटो काढणारा माणूस गावात कोणत्या महिन्यात आला, यावर त्या गावाचा इतिहास पुढच्या पिढ्यांना कसा दिसणार हे बरेचसे ठरते. ऐकायला विचित्र वाटेल, पण आपल्या धाराशिव जिल्ह्यापुरते तरी हे खरे आहे.

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. गेल्या काही वर्षांपासून वर्गातल्या मुलांना एक काम देतो. प्रत्येकाने एकच विषय निवडायचा: पाणी, कुलूप, सावली, चप्पल, दुकानाची पाटी, काहीही. मग वर्षभर घरात, रस्त्यात, प्रवासात, बदलत्या मोसमात त्या एका विषयाचे फोटो जमवायचे. मोबाइल घरात कुणाचा ना कुणाचा असतोच. सुरुवातीला मला एवढेच हवे होते की मुलांनी डोळे उघडे ठेवून पाहावे आणि पाहिलेले चार ओळींत लिहावे. पण मुलांचे फोटो पाहता पाहता मला जिल्ह्याचे जुने फोटो आठवू लागले आणि दोन्हींतला फरक दिसू लागला. तोच आज मांडतो.

थंडीत आलेले साहेब

१८७५-७६ साली जेम्स बर्जेस हे पुरातत्त्व खात्याचे अधिकारी निजामाच्या राज्यातल्या बिदर आणि औरंगाबादकडच्या मुलखात फिरले. त्यांचा अहवाल १८७८ मध्ये छापून आला. शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवर असलेल्या धाराशिवच्या लेण्यांची नीट मोजमापे, आराखडे आणि वर्णन त्यात आहे. अहवालाच्या नावातच म्हटले आहे की हे तिसऱ्या ‘सीझन’च्या कामाचे फळ आहे. हा ‘सीझन’ शब्द महत्त्वाचा आहे. पश्चिम भारतातली पुरातत्त्वाची मोहीम पावसाळा संपला, वाटा वाळल्या की निघायची आणि ऊन तापू लागले की परतायची. म्हणजे ‘सीझन’ याचा अर्थ हिवाळा आणि त्याच्या पुढचे-मागचे काही आठवडे.

त्यात साहेबांचा आळस नव्हता. त्या काळातली फोटोग्राफीच तशी होती. काचेच्या पट्टीवर रसायनाचा थर द्यायचा, पट्टी ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि ती सुकायच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत नेऊन धुवायची. काचा, रसायनांच्या बाटल्या, तंबू आणि स्वच्छ पाणी हे सगळे बैलगाडीवर लादून न्यायचे. काळ्या मातीच्या आपल्या मुलखात श्रावणात गाडीचे चाक आसापर्यंत रुतते. नदीवर पूल नाहीत. आभाळ भरले असले तर उजेड अपुरा. अशा वेळी कोण निघणार?

दुसरी अडचण हलणाऱ्या गोष्टींची. पट्टीवर प्रकाश काही सेकंद पडू द्यावा लागे. दगडी खांब हलत नाही, म्हणून तो स्वच्छ येतो. बाजारातला माणूस, पाण्याला निघालेली बाई, कुरणातले जनावर यांचा नुसता धूर दिसतो. म्हणून त्या काळच्या सरकारी फोटोंत इमारत असते आणि गाव नसते. माणूस असलाच तर खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला, बिननावाचा. तो पट्टी म्हणून उभा आहे.

१८८० नंतर कोरड्या पट्ट्या आल्या, काम सोपे झाले. पण कॅमेरा दरबाराच्याच अंगणात राहिला. हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी लाला दीनदयाळ यांना १८९४ मध्ये ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्र घडवणारा. त्याआधी १८९२ मध्ये दीनदयाळ यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता. तिथे फोटो काढणारीही बाईच होती. आपल्या दादी-परदादींच्या काळात ही सोय होती हे वाचून मला बरे वाटते. पण ती हैदराबादच्या हवेल्यांसाठी होती. नळदुर्ग, परंडा, कळंबच्या बायकांपर्यंत ती कशी पोचणार? पुढे १९१४ मध्ये निजाम राज्याचे स्वतःचे पुरातत्त्व खाते सुरू झाले. गुलाम यझदानी यांनी ते जवळजवळ तीस वर्षे सांभाळले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरचे त्यांचे चार भागांचे काम फोटोग्राफीवर आधारलेले आहे आणि आजही अभ्यासक ते उघडतात. वारसा जपणारे हे फार मोलाचे काम होते, पण त्याचा विषय वास्तू हाच होता.

पावसासाठी बांधलेली खिडकी

आता याच्या उलट एक गोष्ट पाहा. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बंधारा आहे आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये, तो बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून पाणी दोन धारांनी कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. आत महालात उभे राहिले की समोर पाण्याचा पडदा असतो आणि आपण कोरडे राहतो.

ही वास्तू बांधणाऱ्याच्या मनात एकच मोसम होता. वर्षातले आठ-नऊ महिने ती नुसती दगडी खोली असते. पावसाने साथ दिली की काही आठवडे ती जिवंत होते. कॅमेऱ्याच्या सव्वादोनशे वर्षे आधी कुणीतरी एका मोसमाला चौकट करून ठेवली होती. या कोरड्या मुलखात पाऊस हाच सगळ्यांत मोठा देखावा आहे, हे त्या बांधणाऱ्याने ओळखले होते.

आज गंमत अशी की नळदुर्गचे फोटो बहुतेक पावसाळ्यातल्या रविवारचेच दिसतात. लोक धबधबा पाहायला येतात, पाण्यापुढे उभे राहून फोटो काढतात आणि जातात. पूर्वीच्या मोहिमा थंडीत येत, आताचे पर्यटक पावसात येतात. मे महिन्यात बोरीचे पात्र कसे दिसते, बंधाऱ्याच्या कोरड्या अंगावर पाण्याचे किती डाग राहतात, हे पाहायला तेव्हाही कुणी नव्हते आणि आताही नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे आजोळ त्या भागात आहे. त्याने वर्षभरात चार वेळा एकाच जागी उभे राहून बंधाऱ्याचा फोटो काढला. ते चार फोटो शेजारी शेजारी लावल्यावर वर्ग गप्प झाला. मराठवाड्याच्या पावसावरचा अख्खा धडा त्यात होता.

सप्टेंबरचा इतिहास

जुने फोटो थंडीतले, पण या जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास घडला तो सप्टेंबरात.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांच्या जुलमाने पिचलेल्या लोकांची सुटका झाली. दर वर्षी आपण हा दिवस मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, शाळेत झेंडा लावतो आणि मुलांना स्वामी रामानंद तीर्थांविषयी सांगतो. ते सांगायलाच हवे. त्याचबरोबर, त्यानंतरच्या आठवड्यांत ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा साध्या मुसलमान कुटुंबांवर सूडाची कुऱ्हाड कोसळली, हेही सांगायला हवे. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये फिरून अहवाल तयार केला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबादचे नाव घेतले. गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे बाकीचे तीन. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

या दिवसांचे कोणते फोटो पुन्हा पुन्हा छापले जातात? हैदराबादचे सेनापती एल एदरूस जनरल चौधरींपुढे शरण येतात तो, आणि निजाम सरदार पटेलांपुढे हात जोडून उभे आहेत तो. दोन्ही फोटो मोठ्या माणसांचे, आणि आपल्या जिल्ह्याबाहेरचे. रझाकारांच्या भीतीने हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेलेल्या हिंदू कुटुंबाने मागे लावलेले कुलूप त्यात नाही. नंतर जीव मुठीत धरून बसलेल्या मुसलमान घराचे लोटलेले दारही नाही. आमच्या स्वतःच्या घरात १९४८ आधीचा एकही फोटो नाही. दादी सांगायच्या त्या गोष्टी आहेत आणि एक तांब्याचा बधना आहे. चेहरा कुणाचाच नाही.

दुसरा सप्टेंबर १९९३ चा. ३० तारखेची पहाट, चार वाजायला काही मिनिटे कमी. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातल्या उमरगा-लोहारा भागात दगडमातीच्या भिंती आणि माळवदाचे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. सुमारे दहा हजार माणसे गेली. बावन्न गावे नव्या जागी वसवावी लागली. मी तेव्हा शाळेत होतो. दुसऱ्या दिवसापासून जगभरचे फोटोग्राफर सास्तूर आणि किल्लारीच्या वाटेवर होते आणि त्यांच्या कामामुळेच मदत वेगाने आली, हे खरे.

पण त्या गावांचे जे फोटो आज आपल्याजवळ आहेत, त्यात घर पहिल्यांदा दिसते तेच पडलेले. ते उभे असताना कसे होते, ओसरी कुठे होती, लिंबाखाली कोण बसायचे, कुठल्या भिंतीला गोवऱ्या थापायचे, हे सांगणारा फोटो क्वचित सापडतो. लग्नाचा फोटो घरात असेल तर तो भिंतीवर होता आणि भिंतच राहिली नाही. नवी गावे आखीव रस्त्यांची आहेत. तिथे वाढलेल्या मुलांना आपल्या जुन्या गावाचा नकाशा म्हाताऱ्यांच्या बोटांवरून शिकावा लागतो.

आणखी एक सप्टेंबर २०२१ चा. ज्या जिल्ह्यात टँकरची वाट पाहायची सवय, तिथे मांजरा आणि तेरणा पात्र सोडून शेतात शिरल्या आणि माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. त्याच्या पाच वर्षे आधी, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून रेल्वेने पाणी लातूरला नेले होते. पहिल्या खेपेत दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर पाणी होते. सगळे कॅमेरे लातूर स्टेशनावर जमले होते. ती गाडी बार्शी आणि उस्मानाबादवरूनच गेली. रुळाच्या कडेला रिकामी घागर घेऊन कुणी उभे होते का, हे कुणी टिपले नाही.

संकट आले की कॅमेरा येतो. संकटाच्या आदल्या दिवशी तो नसतो. म्हणून आपला इतिहास फोटोंत पाहिला तर एकतर दगडी खांब दिसतात, नाहीतर ढिगारे. मधला सगळा काळ, ज्यात माणसे जगतात, तो कोरा राहतो. तो भरायचा तर बाहेरच्या फोटोग्राफरची वाट पाहून भागणार नाही. जो बारा महिने इथेच राहतो त्याच्याच हातून ते होईल.

मोसमातून फिरणारी ईद

या कामात आपल्या कॅलेंडरचा एक सुंदर फायदा आहे. हिजरी वर्ष चंद्राचे. ते सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा-एक दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान, मुहर्रम, ईद हे सगळे सण सरकत सरकत साधारण तेहतीस वर्षांत सगळे मोसम फिरून येतात. २००० सालात तर ईद-उल-फित्र दोनदा आली, जानेवारीत आणि डिसेंबरात. दोन्ही वेळा अंगात स्वेटर होते. २०१३ मध्ये ती ऑगस्टमध्ये आली, २०१६ मध्ये जुलैत, २०१९ मध्ये जूनच्या सुरुवातीला आणि २०२५ मध्ये मार्चच्या शेवटच्या दिवशी.

समजा एखाद्या घराने दर ईदला नमाजानंतर त्याच दारात, त्याच जागी एक फोटो काढला. तेहतीस वर्षांनी त्या घराजवळ एका सणाचा अल्बम तर असेलच, पण मराठवाड्याच्या सगळ्या ऋतूंचाही असेल. कधी अंगणात चिखल, कधी घामाने भिजलेले कुर्ते, कधी कोवळ्या उन्हात गुरफटलेली म्हातारी माणसे. मागचे माळवद जाऊन पत्रे आले, पत्रे जाऊन स्लॅब आला, दारातली सायकल जाऊन मोटारसायकल आली, हेही आपोआप नोंदले जाईल. आपल्या हिंदू शेजाऱ्यांकडे याची दुसरी बाजू आहे. दसरा, दिवाळी, वेळा अमावास्या हे सण ज्या त्या मोसमाला बांधलेले. दर वेळा अमावास्येला शेतातल्या त्याच कोपीजवळ फोटो काढला तर मोसम तोच राहील आणि पीक बदललेले दिसेल. ज्वारीचे शेत कधी हरभऱ्याचे झाले, ते कळेल. दोन शेजाऱ्यांचे अल्बम एकत्र ठेवले तर गावाचा पुरा हिशेब लागतो.

जुन्या हैदराबाद राज्यात तर हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी नांदत. इबादत हिजरी सालाने आणि शेतसारा फसली सालाने. ‘फसल’ म्हणजे पीक, आणि फसली साल पिकाच्या मोसमाशी जोडलेले. घरातल्या जुन्या उर्दू कागदावर असा आकडा दिसला की मुले गोंधळतात. मी त्यांना सांगतो, आपल्या पूर्वजांना दोन घड्याळे वाचता येत होती.

तस्वीरचा सवाल

काही वाचक म्हणतील, मास्तर, आमच्या घरात फोटोच चालत नाही. हा सवाल जुना आहे आणि मी तो हलका मानत नाही. जिवंत प्राण्याची तस्वीर घडवण्याविषयी उलमांमध्ये मतभेद आहेत. कॅमेऱ्याने पकडलेली सावली त्यात मोडते की नाही, यावरही आहेत. मौलाना आझादांनी १९१२ मध्ये कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ काढला तेव्हा त्यात फोटो छापले जात, यावरून ही चर्चा किती जुनी आहे ते कळेल. माझ्या आजोबांनी आयुष्यात एकच फोटो काढून घेतला, हजच्या अर्जासाठी. तो त्यांनी भिंतीवर लावला नाही, कागदांच्या गठ्ठ्यात ठेवला. आज आमच्याजवळ त्यांचा तेवढाच चेहरा आहे.

पण विषय घेऊन फोटो काढण्यात हा सवाल पुष्कळसा सुटतो. पाण्याचा विषय घेणाऱ्याला चेहऱ्याची गरज नसते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मशिदीच्या वजूच्या हौदाचा विषय घेतला. आत जायला तिला वाव नव्हता, म्हणून तिने धाकट्या भावाला शिकवून पाठवले. ऑगस्टमध्ये हौद काठोकाठ, त्यात आभाळ दिसते. मे महिन्यात हौद कोरडा, शेजारी निळे पिंप आणि साखळीला बांधलेला मग. एकही माणूस नाही, तरी मोहल्ल्याची पूर्ण हकीगत आहे. तिने खाली लिहिले होते की उन्हाळ्यात लोक वजू करताना कमी बोलतात. हे वाक्य मला कुठल्या पुस्तकात मिळाले नसते.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या मुलाने कुलूप हा विषय घेतला. आपल्याकडून शेकडो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. म्हणजे ज्या थंडीला पुस्तकात सुखाचा मोसम म्हणतात, त्याच थंडीत त्याच्या वस्तीवर दारोदार कुलपे. हा मुलगा त्या वर्षी आजीजवळ मागे राहिला होता. त्याने एकोणीस कुलपांचे फोटो आणले. बर्जेस साहेबांची मोहीम याच महिन्यांत फिरली असती तर त्यांना वस्ती ओसाड वाटली असती.

तिसऱ्याने पाय हा विषय घेतला. कोजागिरीच्या आधी सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्या भक्तांचे अनवाणी पाय, हजरत ख्वाजा शमशुद्दीन गाझी यांच्या उरुसाला आलेल्यांच्या पायताणांचा ढीग, आणि रब्बीच्या शेतातले भेगाळलेले टाचेचे चार-पाच फोटो. कुठला पाय कुणाचा, हे त्याने आम्हाला ओळखायला लावले. कुणालाच ओळखता आले नाही.

पाठीमागे लिहा

वाचकहो, एक विनंती करतो. आज फोटो इतके निघतात की टिकत नाहीत. मोबाइल बिघडला की पाच वर्षे पुसली जातात. म्हणून एक विषय घ्या, महिन्यातून एकच फोटो निवडा, त्याची प्रत काढा आणि पाठीमागे पेन्सिलीने चार गोष्टी लिहा: तारीख, गाव, गल्ली आणि फोटोत माणूस असेल तर त्याचे नाव. माणसाला विचारून फोटो काढा. बाईमाणसाचा असेल तर तिचेही नाव लिहा, ‘अमक्याची बायको’ एवढ्यावर भागवू नका. खांबाशेजारी उभ्या केलेल्या त्या बिननावाच्या माणसाची आपण आणखी भर घालायला नको.

गावाचे नावही त्या दिवशी पाटीवर जे असेल ते लिहा. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव बदलले, पाट्या बदलल्या. त्याबद्दल तुमचे मत काहीही असो, जुन्या पाटीचा फोटो ज्याच्याजवळ आहे त्याने तो जपावा आणि नव्या पाटीचाही काढावा. पुढच्या पिढीला दोन्ही लागतील.

आणि शक्य असेल तर पुढचा सप्टेंबर निवडा. सकाळी घराबाहेर या. सोयाबीन पिवळे पडत असेल, वाटेवर चिखल असेल, शाळेत १७ तारखेची तयारी चालली असेल, उमरग्याकडच्या एखाद्या घरात ३० तारखेला कुणी लवकर उठून गप्प बसले असेल. विशेष काही घडत नसेल. तोच दिवस टिपा.